एक अक्षर बदलतं आणि गोळी चालेनाशी होते

औषध सुरू होतं, दोन-तीन महिन्यांनी स्कॅन काढला तर गाठ जवळजवळ गायब, सगळ्यांच्या जिवात जीव येतो. मग कधीतरी पुढच्या एखाद्या स्कॅनमध्ये ती परत दिसते, आणि आता तेच औषध तिला काहीच करत नाही.

आपण म्हणतो कॅन्सरला औषधाची सवय झाली. पण सवयबिवय सोडा, सेंटीमीटरभर गाठीत कोट्यवधी पेशी असतात, प्रत्येक पेशी दोन होताना डीएनएची कॉपी निघते, कॉपीत चुका होतात, आणि अशाच एखाद्या चुकीमुळे औषधाला न जुमानणारी पेशी कितीदा तरी पहिल्या गोळीच्या आधीपासूनच तिथे बसलेली असते. औषधाने बाकीच्या मेल्या की हिला रान मोकळं.

सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर घ्या. यात बीसीआर-एबीएल नावाचं बिघडलेलं प्रोटीन पेशीला सारखं 'वाढ, वाढ' सांगत बसतं. २००१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅटिनिब हे औषध नेमकं त्याच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्याचं तोंड बंद करतं. पण जीनमध्ये एका ठिकाणी सी या डीएनएच्या अक्षराच्या जागी टी आला, बस एवढंच, की प्रोटीनमध्ये ३१५ नंबरवर थ्रिओनिन या घटकाऐवजी आयसोल्यूसिन येतं आणि औषध त्या खाचेत मावतच नाही. याला टी३१५आय म्हणतात (इथला टी म्हणजे थ्रिओनिन, आय म्हणजे आयसोल्यूसिन). त्यावर चालणारं पोनॅटिनिब यायला २०१२ उजाडलं.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही हाच खेळ. ईजीएफआर जीन बिघडलेल्या पेशंटना गेफिटिनिब लागू पडतं, पुढे ते चालेनासं झालं की साधारण निम्म्या जणांत टी७९०एम हा बदल सापडतो, त्यासाठी ऑसिमर्टिनिब आणलं तर काहींमध्ये सी७९७एस हा आणखी एक बदल निघाला!

काही पेशी तर औषधाला आत टिकूच देत नाहीत. एमडीआर१ जीन जोरात चालला की पेशीच्या आवरणात पी-ग्लायकोप्रोटीनचे पंप वाढतात, आणि हे पंप एकमेकांशी काही संबंध नसलेली औषधंसुद्धा बाहेर फेकतात.

मला चक्रावून टाकतो तो बीआरसीए. काही कॅन्सरमध्ये हा जीन बिघडल्यामुळे पेशीला डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही, पार्प इन्हिबिटर (पार्प हे डीएनए दुरुस्तीचं प्रोटीन अडवणारी) औषधं याच कमजोरीवर घाव घालतात. तर काही पेशींत त्याच जीनमध्ये दुसरी चूक होते आणि त्या चुकीने पहिली चूक दुरुस्त होऊन जाते, जीन परत कामाला लागतो आणि औषध चालेनासं होतं.

म्हणून गाठ परत वाढली की डॉक्टर पुन्हा तुकडा काढून तपासायला सांगतात, कधी नुसतं रक्त घेऊन त्यात तरंगणारा गाठीचा डीएनए वाचतात, कारण आधीचा रिपोर्ट आधीच्या पेशींचा असतो.