वॉरंट डोक्यावर आणि जनरलसाहेब टेनिस कोर्टवर

नमस्कार मंडळी. जेवणाची वेळ झालीय, त्यामुळे एकाच माणसाबद्दल बोलते.

आपण इथे नेदरलँड्समध्ये हेगच्या शेवेनिंगेन बीचवर जातो ना, तिथल्याच तुरुंगात 2013 ते 2022 काँगोतला बंडखोर कमांडर बॉस्को एनटागांडा होता. पेपरवाले त्याला टर्मिनेटर म्हणायचे. आपल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी कोर्टाने त्याच्यावर 2006 लाच वॉरंट काढलेलं, 2008 मध्ये ते जाहीरही झालं, आणि 2009 मध्ये काँगो सरकारने त्याला चक्क सैन्यात जनरल केलं! का, तर त्याला धरलं तर शांतता मोडेल म्हणे. गडी पूर्व काँगोतल्या गोमा शहरात राजरोस टेनिस खेळायचा, हॉटेलात जेवायचा, कोण काय बोलणार. मग 2012 मध्ये त्याने बंड केलंच, एम23 नावाच्या बंडखोर गटाचं, म्हणजे तेल गेलं तूप गेलं. पुढच्या वर्षी आपसातच फाटाफूट झाली, याचा गट हरला, तेव्हा हा स्वतःच शेजारच्या रवांडाची राजधानी किगालीतल्या अमेरिकन दूतावासात जाऊन म्हणाला, मला हेगला पाठवा.

निकालातलं कोबू गावाचं वाचून मला जेवण गेलं नाही. 2003 मध्ये याच्या फौजेने लेंडू जमातीच्या लोकांना समेटाच्या बैठकीला बोलावलं, आलेल्यांना पकडलं, आणि नंतर केळीच्या बागेत किमान 49 प्रेतं सापडली, त्यात बायका, लहान मुलं, तान्ही बाळंसुद्धा. एका पाद्रीला तर त्याने स्वतः मारलं, हेही सिद्ध झालं. आणि त्याच्याच फौजेतल्या पंधरा वर्षांखालच्या मुलींवर बलात्कार झाले, त्यावर त्याच्या वकिलांचं म्हणणं काय, तर आपल्याच सैनिकांवर केलेला अत्याचार युद्धगुन्ह्यात येत नाही! कोर्टाने ते ऐकलं नाही हे बरं झालं. 2019 मध्ये अठराही आरोपांत दोषी, तीस वर्षं, 2021 च्या अपिलातही कायम.

पण हा सगळा खटला काँगोच्या ईशान्येकडच्या इतुरी भागातल्या 2002-03 मधल्या गुन्ह्यांचा. नोव्हेंबर 2008 मध्ये पूर्व काँगोतल्याच उत्तर किवू प्रांतातल्या किवांजा गावात सुमारे दीडशे लोक मारले गेले, तेव्हा तिथल्या बंडखोरांचा कमांडर हाच होता असा ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेचा आरोप आहे, यूएनच्या शांतिसैनिकांचा तळ तिथून जवळच होता, आणि त्या प्रांतात तेव्हा आपले भारतीय जवानही होते. किवांजाबद्दल त्याच्यावर इथे आरोपपत्रच आलं नाही, म्हणजे तिथल्या लोकांसाठी तो अजून नुसता आरोपीसुद्धा नाही.