रिकाम्या चॅनलवरच्या मुंग्या

ज्यांनी जुना डबा टीव्ही बघितलाय त्यांना हे लगेच ओळखू येईल. चॅनल लागलं नाही की स्क्रीनभर काळ्यापांढऱ्या मुंग्या आणि तो खर्रर्र आवाज. आपण वैतागून अँटेना फिरवायचो, टीव्हीच्या टाळक्यात एक चापट द्यायचो, आणि त्या मुंग्यांकडे कोणी नीट बघायचंसुद्धा नाही. पण त्यातली शंभरात साधारण एक मुंगी जवळपास 1380 कोटी वर्षं प्रवास करून आलेली असायची. मस्करी नाही करत.

1964 साल. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या होल्मडेलला आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोन रेडिओ खगोलशास्त्रज्ञ एका भल्यामोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनावर काम करत होते, आणि त्यांचीही हीच रड, खरखर काही जाईना. अँटेना आकाशात कुठेही वळवा, दिवसा ऐका रात्री ऐका, ऋतू बदलला तरी तेवढीच. आत कबुतरांच्या जोडीने संसार थाटला होता, म्हटलं हेच कारण असणार, मग त्यांना हाकललं, सगळी घाण साफ केली, खरखर जिथल्या तिथे. (कबुतरांचं पुढे काय झालं ते विचारू नका.) शेवटी कळलं की जवळच प्रिन्स्टनला रॉबर्ट डिकी यांची टीम नेमकी हीच गोष्ट शोधायच्या तयारीत होती. ते ज्याच्यामागे होते ते या दोघांना नको असताना सापडलं होतं, आणि 1978 ला नोबेल पण यांनाच मिळालं.

ती खरखर, आणि टीव्हीवरची ती शंभरातली एक मुंगी, म्हणजे विश्वाच्या लहानपणीची धग. सुरुवातीला सगळं इतकं तापलेलं आणि दाट होतं की प्रकाश दोन पावलं गेला की कुठल्यातरी इलेक्ट्रॉनला धडकायचा, धुक्यात अडकल्यासारखं. मग विश्व पसरत पसरत थंड झालं, तापमान साधारण 3000 अंशांवर आलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये जाऊन बसले आणि प्रकाशाला वाट मोकळी झाली. तेव्हा विश्वाचं वय होतं 3 लाख 80 हजार वर्षं. तोच प्रकाश आज ताणून ताणून डोळ्यांना न दिसणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी झालाय, तापमान उणे 270 सेल्सिअस.

इथे एक गैरसमज. विश्वाची ही सुरुवात, म्हणजे महास्फोट किंवा बिग बँग, म्हटलं की डोळ्यासमोर काळोख येतो आणि मधोमध एक बॉम्ब फुटतो, आमच्या अ‍ॅनिमेशनवाल्यानेही पहिल्यांदा तेच करून दिलं होतं! पण बाहेर काळोख नव्हताच, बाहेरच नव्हतं, जागाच पसरत होती, त्यामुळे तो 'स्फोट' कुठे झाला याचं उत्तर सगळीकडे, तुम्ही बसलाय तिथेसुद्धा. बिग बँग हे नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांनी 1949 ला रेडिओवर बोलताना दिलं आणि गंमत म्हणजे त्यांना ही थिअरीच मान्य नव्हती, विश्वाला सुरुवात नाही असं त्यांचं म्हणणं. त्यांचे विद्यार्थी आपले जयंत नारळीकर, तेही शेवटपर्यंत बिग बँगवर शंका घेत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने गेले नाहीत, पण प्रश्न विचारायचं त्यांनी सोडलं नाही, आणि मला ते फार आवडतं.

बरं, हे सगळं 'काय झालं' याचं उत्तर झालं. 'मुळात काही का आहे' याचं नाही. लायब्निझ नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1714 मध्ये हे सरळ विचारलं होतं, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? कारण त्याच्या मते काहीच नसणं जास्त सोपं.

आता ते 'काहीच नसणं' शोधून दाखवा. दूर अवकाशातली एकदम रिकामी जागा घ्या, दर घन सेंटीमीटरमध्ये त्या जुन्या धगीचे 411 फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, इथे 300 घन सेंटीमीटरची ऐसपैस ओंजळ धरली की उघडीच सव्वा लाखाची होते. ठीक आहे, फोटॉनही काढून टाका. हेंड्रिक कॅसिमिर या भौतिकशास्त्रज्ञाने 1948 मध्ये गणित मांडलं की निर्वात पोकळीत दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील, आणि तसंच होतं, प्रयोगात मोजलंय, म्हणजे पोकळीतही काहीतरी चुळबुळ चालू आहेच. एडवर्ड ट्रायन हे भौतिकशास्त्रज्ञ तर 1973 ला म्हणाले की अख्खं विश्वच अशा चुळबुळीतून आलं असेल, कारण पदार्थाची ऊर्जा अधिक आणि गुरुत्वाकर्षणाची उणे, बेरीज शून्य येऊ शकते. फुकटात विश्व! ऐकायला भारी आहे, पण चुळबुळ होण्यासाठी क्वांटमचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या जगाचे, नियम आधी हवेत, आणि नियम म्हणजे 'काहीच नाही' नव्हे. ते कुठून आले?

म्हणजे बघा, रिकामं चॅनल रिकामं नव्हतं, रिकामं आकाश रिकामं नव्हतं, पोकळी पोकळ नव्हती. 'काहीच नाही' आजवर कोणी बघितलेलंच नाही, तरी आपण धरून चालतो की तेच नॉर्मल आणि असण्यालाच कारण द्यावं लागतं. मला वाटतं लायब्निझ इथेच घाई करतो, आधी 'नसणं' शक्य तरी आहे का हे विचारायला हवं होतं. अर्थात याने प्रश्न सुटत नाही, फक्त एक पायरी मागे सरकतो, हे मलाही कळतंय.

आता पुढचे दहा सेकंद मी काही बोलत नाही, स्क्रीनवर नुसत्या मुंग्या असतील. रेकॉर्डिंग आहे, त्यामुळे ताज्या नाहीत, पण 1380 कोटी वर्षांत दोनचार महिने इकडेतिकडे. आवाज जरा वाढवा.