‘मानत नाही’ म्हणजे नेमकं काय नाही?

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षीच्या गणेश चतुर्थीची सकाळ. आमच्या मेलबर्नच्या घरात सासूबाई उकड मळत होत्या आणि माझा सोळा वर्षांचा मुलगा शेजारी उभा राहून मोदकाच्या कळ्या पाडत होता. हे काम त्याला त्यांनीच शिकवलंय. मध्येच तो सहज म्हणाला, “आजी, मी देव मानत नाही.” सासूबाईंचा हात परातीतच थांबला. दिवसभर त्या गप्प होत्या. रात्री मला म्हणाल्या, “पोरगं नास्तिक निघालं गं. आमचं काय चुकलं?”

मुलाशी बोलले तेव्हा उलगडा झाला. त्याच्या मनात ‘बिलीव्ह’ हा शब्द होता आणि त्याला मराठीत ‘मानणे’ एवढंच ठाऊक होतं. त्याला म्हणायचं होतं, “देव आहे असं मला वाटत नाही.” सासूबाईंच्या कानावर पडलं ते निराळंच. आपण उपकार मानतो, कुणाला गुरू मानतो, आपल्याला मानलेला भाऊ असतो. ‘तो बापाला मानत नाही’ म्हटलं की बाप आहे की नाही हा प्रश्नच नसतो. पोरगा बापाचा मान ठेवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सासूबाईंना वाटलं, नातवाने त्यांच्या गणपतीचा अपमान केला. आणि तो तर त्या क्षणी त्याच गणपतीसाठी मोदक वळत होता!

तेव्हापासून मी या ‘नास्तिक’ शब्दाच्या मागे लागले. पाणिनीच्या अष्टाध्यायीत एक सूत्र आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. पण आहे काय आणि नाही काय? ते सूत्रात नाही. ती जागा काशिकावृत्ती, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका, भरते, आणि तिथे शब्द येतो परलोक. देव नव्हे, परलोक. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात पाहिलं तर ‘नास्तिको वेदनिन्दकः’. म्हणजे मनूच्या लेखी नास्तिक तो, जो वेदांची निंदा करतो.

या एका फरकाने केवढी उलथापालथ होते पाहा. सांख्य दर्शनाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथात जग घडवणाऱ्या ईश्वराची गरजच पडत नाही, वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनाही तसा कर्ता लागत नाही, तरी दोघेही आस्तिक, कारण वेद प्रमाण. जैन आणि बौद्ध कर्म मानतात, पुनर्जन्म मानतात, तरी ते नास्तिक. पण आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरी या जैन आचार्यांचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ उघडा. त्यात जैन आणि बौद्ध दोघेही आस्तिकांच्या पंगतीला बसलेले दिसतात, बाहेर राहतात ते फक्त लोकायत, म्हणजे परलोक न मानणारे चार्वाकपंथी. यादी ज्याने केली, त्याने रेघ आपल्या पायाच्या पलीकडे ओढली.

आणि हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. रोमन साम्राज्यात नगरदेवतांना बळी न देणाऱ्या ख्रिस्ती लोकांना नास्तिक म्हणत. दुसऱ्या शतकात स्मिर्ना शहरात, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरमध्ये, म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पना अधिकाऱ्याने फर्मावलं, “म्हण, नास्तिकांना हटवा.” त्यांच्या अनुयायांनी लिहून ठेवलंय की त्यांनी भोवतालच्या जमावाकडे हात केला आणि तेच शब्द उच्चारले. शब्द तोच, बोट मात्र उलट्या बाजूला.

मराठीत आपण बाळाचं नाव ठेवतो आणि माणसाला नावं ठेवतो. मधे फक्त एक अनुस्वार. ‘नास्तिक’ हा शब्द शतकानुशतकं दुसऱ्या प्रकारात राहिला. आगरकरांच्या वाट्याला काय आलं ते आपल्याला शाळेत शिकवलंय: जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. त्यांनाच पुढे ‘देव न मानणारा देवमाणूस’ म्हटलं गेलं. हे शब्द मला फार जवळचे वाटतात, पण ‘देवमाणूस’ म्हटल्याशिवाय आपल्याला त्यांचं चांगुलपण सांगता आलं नाही, याची रुखरुखही वाटते.

इथल्या मुलांचा वाद आणखी वेगळा आहे. माझ्या मुलाच्या मित्रमंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, देव नाही असं ठामपणे म्हणतो तोच एथीस्ट. दुसरा म्हणतो, विश्वास नसणं पुरेसं आहे, मग नुकतं जन्मलेलं बाळही एथीस्टच. इंग्रजीत दोन्ही अर्थ वापरात आहेत, आणि दोघांनाही आपापल्या बाजूचा शब्दकोश सापडतो. आपल्या शब्दापुरतं मात्र मला पाणिनीचं पटतं. सूत्रात ‘मतिः’ आहे. मती व्हावी लागते. पाळण्यातलं बाळ ना आस्तिक, ना नास्तिक. त्याचं त्याविषयी अजून मतच नाही. म्हणून ज्याने विचार करून ‘नाही’ म्हटलंय, त्याला पाळण्यातल्या बाळाच्या रांगेत बसवणं मला त्याच्यावर अन्याय वाटतो.

२०२१च्या ऑस्ट्रेलियन जनगणनेत ३८.९ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ या चौकटीत खूण केली. त्यातले सगळेच नास्तिक असतील असं नाही, आणि हिंदू चौकटीत खूण करणाऱ्यांत नास्तिक नसतील असंही नाही. तो प्रश्न धर्माचा होता, देवाचा नव्हता. आपल्या घरांत आपण हे दोन प्रश्न एकच समजून भांडतो.

शेवटी मी आजी-नातवाला एकत्र बसवलं. सासूबाईंनी सरळ विचारलं, “तू नाही म्हणतोस ते कशाला? मूर्तीला, की वरती कुणी आहे त्याला, की मला?” तो अडखळत, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत सांगत होता, मी मधे अर्थ पुरवत होते. मोदक गार झाले, बोलणं चालूच राहिलं. दोघंही आज इथे बसले आहेत. सासूबाईंचा पुढचा प्रश्न तयार आहे: “बरं, देवाचं राहू दे. मेल्यावर काय, ते सांग.” काशिकावृत्ती त्यांनी वाचलेली नाही, पण प्रश्न तोच आहे. त्याने शनिवारपर्यंत वेळ मागून घेतलाय.

धन्यवाद.