चिठ्ठीत निघालेली निर्यात

नमस्कार श्रोतेहो. निर्यात करणाऱ्या कंपन्यांचा माल सहसा सरस असतो. पण तो सरस म्हणून परदेशी जातो, की परदेशी जायला लागल्यामुळे सरस होतो? नुसत्या आकडेवारीतून हे उलगडत नाही. म्हणून माझी एक लाडकी हकिकत सांगतो.

इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात फुवा नावाचं गाव आहे. तिथे हातमागावर गालिचे विणतात आणि बहुतेक ठिकाणी मालक तोच विणकर. अ‍ॅटकिन, खंडेलवाल आणि उस्मान या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तिथे चक्क चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना श्रीमंत देशांतल्या ऑर्डरी मिळवून दिल्या. बाकीच्यांचं नेहमीचं काम चालू. लक्षात घ्या, हुशार विणकर निवडलेले नव्हते. चिठ्ठी निघाली, एवढंच.

परदेशी गिऱ्हाईक भलतं चिकित्सक. बाणा, म्हणजे आडवा धागा, घट्ट ठोकलेला नाही, कोपरे सरळ नाहीत, अंथरला की लाट येते! हे शेरे मध्यस्थामार्फत मागापर्यंत पोचायचे. (तक्रार न करणारं गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस, असं काही मालक मानतात. मला तेच गिऱ्हाईक सगळ्यात महागात पडणारं वाटतं.) विणकाम सुधारत गेलं, नफाही 16 ते 26 टक्क्यांनी वाढला. तासाला विणून होणारे चौरस मीटर मात्र घटले. नुसतं माप मोजणाऱ्या हिशेबनिसाने तिथेच प्रयोग फसला म्हटलं असतं.

आता खरी गंमत ऐका. चांगला भाव मिळतो म्हणून हे लोक जास्त वेळ घालवत असतील, अशी शंका येणारच. म्हणून सगळ्यांना एकाच जागी, सारखा माग, सारखं सूत देऊन, देशी बाजारातला एकच नमुना विणायला लावला. निर्यातवाल्यांचा गालिचा उजवा ठरला आणि वेळही जास्त लागला नाही. पुन्हा सांगतो, वेळ जास्त लागला नाही! म्हणजे कसब हातात उतरलं होतं. 2017 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

उलट बाजूही आहे. परदेशात शिरायचं तर नमुने, प्रमाणपत्रं, वितरक हा खर्च पहिला नग विकण्याआधीच करावा लागतो. मालात दम नसेल तर तो खर्च भरून निघत नाही. आणि नव्या तंत्रावरचा खर्च मोठ्या बाजारातच परवडतो. कॅनडा-अमेरिका मुक्त व्यापार करार 1989 मध्ये लागू झाला. जकात उतरली म्हणून कॅनडातले जे कारखाने निर्यातीत उतरले, त्यांनी नवं तंत्रज्ञानही उचललं, नवी उत्पादनंही काढली.

तरीही कित्येक कंपन्यांत परदेशी गिऱ्हाइकाची तक्रार विक्री विभागाच्या फायलीतच राहते, कारखान्यात पोचतच नाही. अशांनी निर्यातीतून काय शिकायचं? नमस्कार.