दोन फाइली, दोन डॉक्टर

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऐकून घरात कुणी रेडिओचा आवाज कमी करायला उठेल, त्यांना म्हणावं बसा हो, ऐका. एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, चालू आहेत आणि टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोनपण घ्यायचंय, तर चालतं का?

हे विचारणारे कोण, तर एक आपले ट्रान्समॅन मित्र, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पुरुष, आणि दुसरे असे पुरुष ज्यांचं टेस्टोस्टेरॉन रक्तात कमी निघालंय, एचआयव्ही असलेल्यांत हे बऱ्यापैकी दिसतं. आता होतं काय, एआरटी सेंटरची फाइल वेगळी, हार्मोनवाल्या डॉक्टरची वेगळी, आणि एकाला दुसऱ्याचं सांगायला आपल्याला लाज. मग काहीजण स्वतःच डोकं चालवतात, टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनच्या आठवड्यात एआरटीला सुट्टी देतात, म्हणे दोन्ही एकत्र नकोत. अरे बाबांनो, असं करू नका! टेस्टोस्टेरॉनने एआरटीची ताकद कमी होत नाही, गोळ्या चुकवल्या तर मात्र व्हायरस डोकं वर काढतो आणि त्याच गोळ्यांना पुढे दाद देत नाही.

मग काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण तुमची गोळी कुठली यावर. आपल्याकडे सरकारी सेंटरवर बहुतेकांना टीएलडी मिळते, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्रावीर, तिघं एकाच गोळीत. तिचं टेस्टोस्टेरॉनशी भांडण नाही. टेस्टोस्टेरॉन मोडायच्या कामात लिव्हरमधलं एक एन्झाइम असतं, सीवायपी थ्री ए फोर. जुन्या टीएलई गोळीतलं एफाविरेन्झ त्या एन्झाइमला पळवतं, म्हणजे हार्मोन लवकर संपू शकतं. आणि सेकंड लाइनच्या, म्हणजे पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्यावर देतात त्या गोळ्यांसोबत जे रिटोनाविर असतं ते उलटं, ब्रेक लावतं, म्हणजे हार्मोन अंगात जास्त राहू शकतं. म्हणून एआरटीची गोळी बदलली की हार्मोनवाल्यांना कळवायचं, ते लेव्हल बघून डोस कमीजास्त करतील. इंजेक्शन बंद करायची वेळ सहसा येत नाही.

आता खरी गंमत क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी कशी चाललीय हे बघायला रक्तात मोजतात त्या आकड्याची. टेस्टोस्टेरॉनने मसल वाढतात, क्रिएटिनिन मसलमधूनच येतं, आकडा वर. त्यात डोलुटेग्रावीर किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकायची एक वाट थोडी अडवतं, म्हणजे किडनी ठणठणीत असली तरी आकडा अजून थोडा वर. आणि लॅबच्या कागदावर लिंगाच्या रकान्यात एफ लिहिलेलं असलं की संपलंच, कारण किडनी किती काम करते याचा हिशोब बाई आणि पुरुषासाठी वेगळा धरतात, त्यात तुम्ही एकदम किडनीचे पेशंट दिसता. पण म्हणून रिपोर्ट फेकून द्यायचा नाही हं, टेनोफोविर काहीजणांच्या किडनीला खरंच त्रास देतं. डॉक्टरांना सांगा की मी टेस्टोस्टेरॉन घेतो, ते लघवीतलं प्रोटीन बघतील, हवं तर सिस्टॅटिन सी नावाची किडनीची दुसरी रक्ततपासणी करतील, त्यावर मसलचा तेवढा परिणाम होत नाही.

दुसरं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं, हा आकडा ५४ टक्क्यांच्या वर गेला की इंजेक्शन थांबवतात किंवा डोस कमी करतात. सिगरेट ओढणाऱ्यांनी जास्त सांभाळा.

आणि ट्रान्समॅन मित्रांनो, पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही, तेही बोलून घ्या.

टीएलडीचं खरं भांडण कुणाशी माहितीये? कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची औषधं, ती पांढरी गुलाबी पातळवाली. जिमला जाणारी मुलं मल्टिव्हिटॅमिन सर्रास घेतात, त्यातही हे असतंच. रिकाम्या पोटी सोबत घेतलं तर डोलुटेग्रावीर नीट शोषलं जात नाही. म्हणून टीएलडी त्यांच्या २ तास आधी नाहीतर ६ तासांनंतर. कॅल्शियम, लोह जेवणासोबत एकदमच घेतलं तर चालतं, ॲसिडिटीच्या पातळ औषधाला ही सूट नाही.

सांगायला भीती वाटते हे कळतं मला. एचआयव्हीबद्दलचा २०१७ चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमची माहिती संमतीशिवाय बाहेर फोडता येत नाही. तोंडाने बोलवत नसेल तर दोन्ही औषधांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दोन्ही डॉक्टरांसमोर फोन धरा. आणि आधी कुणाशी नुसतं बोलायचं असेल तर एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७ लावा, फुकट आहे.