कादंबरी सुचवावी कशी, वाचनालयात मिळवावी कशी

मंडळी, वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे 'काही नवीन आलंय का?' आणि त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे 'बघा त्या कपाटात.' कपाटात बघणारा पाच मिनिटांनी ओळखीच्या लेखकाचं, दोनदा वाचलेलं पुस्तक घेऊन परततो. नव्या कादंबऱ्या लिहिल्याच जात नाहीत, ही तक्रार बहुतेक वेळा याच पाच मिनिटांतून जन्माला येते. त्या लिहिल्या जातात आणि चांगल्या लिहिल्या जातात. फक्त त्या कपाटापर्यंत पोचायला वाट लागते, आणि ती वाट वाचकानेच थोडी मळावी लागते.

आधी साधा हिशेब करू. महाराष्ट्रात 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली, सरकारी अनुदान घेणारी वाचनालयं 11 ते 12 हजारांच्या घरात आहेत. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, आणि हल्ली अनेकदा त्याहूनही लहान. समजा सगळीच्या सगळी आवृत्ती वाचनालयांनी विकत घेतली, तरी बारांतल्या अकरा वाचनालयांना ती मिळणार नाही! म्हणून 'आमच्याकडे नाही' या उत्तरात दर वेळी कुणाचा आळस नसतो. शिवाय अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान बदलतं. गावातल्या 'ड' वर्ग वाचनालयाला जे काही मिळतं, त्यातून वेतन, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि मासिकं भागल्यावर पुस्तकांची पाळी येते. अशा ठिकाणी नवी कादंबरी यायची ती कुणीतरी नाव घेऊन मागितली म्हणून.

मागायची कशी, यातही खुब्या आहेत. बहुतेक वाचनालयांत वाचकांच्या मागणीची वही असते; नसेल तर ठेवायला सांगा. तिच्यात 'नवीन चांगल्या कादंबऱ्या आणाव्यात' असं लिहिलेलं वाक्य वाया जातं, कारण त्यावरून मागणीपत्र तयार होत नाही. कादंबरीचं नाव, लेखक, प्रकाशन, पहिल्या आवृत्तीचं साल आणि किंमत, एवढं लिहिलं की काम करणाऱ्याचा अर्धा तास वाचतो आणि पुस्तक यादीत शिरतं. दुसरी गोष्ट वेळेची. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, अनुदान हप्त्यांनी येतं, त्यामुळे बरीचशी खरेदी वर्षाच्या शेवटी एकगठ्ठा होते. एप्रिलमध्ये लिहिलेली मागणी फेब्रुवारीपर्यंत पान उलटून मागे गेलेली असते. डिसेंबर-जानेवारीत तीच पुन्हा लिहा, आणि शक्य असेल तर तिघा-चौघांनी वेगवेगळी लिहा. एकाच पुस्तकासाठी चार सभासदांची नावं दिसली की ग्रंथ निवडणाऱ्या समितीला कारण आयतं मिळतं. घाईच्या एकगठ्ठा खरेदीत विक्रेता ज्यावर जास्त सवलत देतो ती पुस्तकं आधी आत येतात, आणि मग कपाटं 'यशाच्या सात पायऱ्या' छापाच्या पुस्तकांनी भरतात. त्याला उपाय हाच, की यादी आधी तयार असावी.

आता असलेल्या पुस्तकांतून शोधायचं कसं. 'नवीन' या शब्दाचे वाचनालयात दोन अर्थ असतात. दाखल नोंदवहीत काल चढलेलं पुस्तक वाचनालयाला नवीन. ते 1960 सालच्या कादंबरीची बारावी आवृत्तीही असू शकतं. म्हणून पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाआधी आतलं श्रेयपान उघडा आणि 'पहिली आवृत्ती' समोरचं साल बघा. खरोखरच्या नव्या पुस्तकांसाठी दाखल नोंदवहीची शेवटची चार-पाच पानं दाखवा अशी विनंती करावी. दाखल क्रमांक ओळीने चढत जातात, त्यामुळे गेल्या वर्षभरात काय आलं ते दहा मिनिटांत कळतं. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणारं दशांश वर्गीकरण लावलेल्या ग्रंथालयात मराठी कादंबरी 891.463 या आकड्याखाली सापडते. मात्र बरीच जुनी वाचनालयं 'कादंबरी, कथा, नाटक, चरित्र' अशा घरगुती वर्गवारीवरच नीट चालली आहेत, आणि त्यात काही वावगं नाही.

संगणकावर शोधताना नाव जोडून आहे की तोडून, हे बघा. रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही 'सात पाटील' असं तोडून टाइप केलं तर कित्येकदा सापडत नाही; प्रणव सखदेव यांच्या 'काळेकरडे स्ट्रोक्स'चंही तेच. नंदा खरे यांची 'उद्या' शोधणं ही तर परीक्षाच आहे. नाव दोन अक्षरी, त्यामुळे 'उद्या' शब्द असलेली झाडून सगळी पुस्तकं समोर येतात. आणि लेखकाकडून शोधावं तर नोंद 'खरे, नंदा' अशी असेल किंवा 'खरे, अनंत यशवंत' अशीही. दोन्ही करून बघा, मग 'नाही' म्हणा.

कपाटं बंद असतील आणि चिठ्ठी लिहून द्यावी लागत असेल, तर चिठ्ठीवर एक नाव लिहू नका. पाच लिहा. पहिली दोन बाहेर गेलेली असतात, एखादं बांधणीला दिलेलं असतं. सगळ्यात भरवशाची जागा मात्र कपाट नव्हेच. आजच परत आलेली पुस्तकं ठेवतात ते टेबल बघा. तिथलं प्रत्येक पुस्तक कुणीतरी निवडून नेलेलं असतं. त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी वाचायला शिका. वर्षात दहा शिक्के म्हणजे पुस्तक चालतंय. नेल्याची आणि परत आल्याची, दोन्ही तारखा असतील तर आणखी कळतं: चौथ्या दिवशी परत येतंय म्हणजे एका बैठकीत संपतंय, किंवा कुणालाच झेपत नाहीये. हे दोन्ही अर्थ संभवतात, म्हणून चिठ्ठीवर पूर्ण विसंबू नये.

आणि एक हक्क विसरू नका. वाचनालयाचं पुस्तक अर्धवट सोडता येतं. चारशे रुपये मोजून आणलेली कादंबरी माणूस पैशाच्या जिवावर रेटत नेतो आणि मग त्या लेखकाच्या वाटेला पुन्हा जात नाही. वाचनालयातलं पुस्तक चाळीस पानांवर ठेवून दिलं तर कुणाचं नुकसान होत नाही, आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा उघडता येतं. अनोळखी लेखक वाचायला वाचनालय उत्तम, ते यामुळे.

आता सुचवण्याकडे वळू. 'अप्रतिम आहे, वाचाच' ही शिफारस नव्हे, तो सुचवणाऱ्याच्या मनःस्थितीचा अहवाल झाला. ऐकणाऱ्याला हवं असतं ते वेगळं. पुस्तक किती जाड, भाषा कुठली, कुठे अडायला होईल, आणि कुणाला आवडणार नाही. अडचण सांगायला लोक कचरतात, पण अडचण आधीच ठाऊक असली की वाचक ती ओलांडतो. अचानक समोर आली की पुस्तक मिटतो.

उदाहरण घ्या. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला 2023चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहिलेली आणि रानटी झालेली म्हैस, आणि तिला आणायला परत गेलेला माणूस. एवढं सांगून थांबावं, पुढचं सांगू नये. पण हे जरूर सांगावं की भाषा कोल्हापूरकडची आहे, वाक्यं बोलण्याच्या लयीत येतात आणि घटना फार थोड्या आहेत. पहिली दहा पानं मोठ्याने वाचायला सांगा. डोळ्याला अडलेलं बरंचसं कानाला कळतं. नवनाथ गोरे यांच्या 'फेसाटी'लाही हाच उपाय लागू आहे. जत तालुक्याच्या दुष्काळी मुलखातली ती बोली छापील पानावर अनोळखी वाटते, पण उच्चारली की सोपी होते. त्या कादंबरीला साहित्य अकादमीचाच 2018चा युवा पुरस्कार होता. सदानंद देशमुखांची 'बारोमास' ज्याला आवडली, त्याच्या हातात या दोन्ही द्यायला हरकत नाही, आधी 'फेसाटी' आणि मग 'रिंगाण'.

'उद्या'ची अडचण निराळी. कादंबरी नजीकच्या भविष्यात घडते, माणसावर पाळत ठेवणारी व्यवस्था तिच्या मध्यभागी आहे, आणि अनेक माणसांचे धागे सुरुवातीला एकमेकांशी संबंध नसल्यासारखे चालतात. पहिल्या साठ-सत्तर पानांत 'हा कोण होता?' असं होणारच. एका कागदावर नावं लिहीत जा, एवढाच सल्ला पुरतो. 2014 साली आलेल्या या पुस्तकाला 2020चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. ती बातमी पुष्कळांना ठाऊक आहे, पुस्तक मात्र त्यांतल्या थोड्यांनी उघडलेलं आहे. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर पोसलेल्या वाचकाला एकदम 'उद्या' देऊ नका. त्याला आधी याच लेखकाची 'अंताजीची बखर' द्या. थाट बखरीचा आणि बोलणं खोडकर. त्या पुलावरून माणूस पलीकडे जातो.

'सातपाटील कुलवृत्तांत' सुचवताना पहिला प्रश्न रसिकतेचा नसून मुदतीचा आहे. आठशेच्या घरातली पानं आणि पुस्तक ठेवायची मुदत बहुतेक ठिकाणी एक ते दोन आठवडे. रोज चाळीस पानं वाचली तरी वीस दिवस लागतात. म्हणून नेतानाच मुदतवाढ किती वेळा मिळते ते विचारून घ्यावं. कुळातल्या एकेका पुरुषाच्या कहाणीशी थांबता येतं, तेव्हा पुस्तक परत करून महिन्याने पुन्हा नेलं तरी धागा तुटत नाही. घरात दोन वर्गण्या असतील तर प्रश्नच मिटला.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला देविदास सौदागर यांची 'उसवण'. ही पातळशी कादंबरी आहे, आणि वाचनात खंड पडलेल्या माणसासाठी हिच्याइतकी योग्य नवी कादंबरी चटकन आठवत नाही. तयार कपड्यांच्या लाटेत धंदा बसत चाललेला शिंपी, एवढाच विषय. हिच्यासाठी वाचनालयात लावायची चिठ्ठी कशी लिहावी? पोस्टकार्डाएवढा कागद घ्या आणि लिहा: 'शिंप्याचं दुकान, उधारी, मशीन आणि घर. दोन संध्याकाळींत वाचून होते. भाषा सोपी, मराठवाड्याकडची. घडामोडींचा झपाटा हवा असेल तर ही नको. 2024चा युवा पुरस्कार.' पुरस्कार शेवटी. तो आधी लिहिला की लोक आदराने पुस्तक पाहतात आणि नेत नाहीत. चिठ्ठी त्या पुस्तकातच वरून डोकावेल अशी खोचा; फळ्यावर लावलेल्या याद्या तिसऱ्या दिवसापासून कुणी वाचत नाही.

प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' आणि सखदेवांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' ही दोन नावं टिपून ठेवा. पहिली ज्याला राजकारण आणि लोककला एकत्र वाचायला आवडतं त्याला. दुसरी कॉलेजच्या वयाच्या मुलांना, आणि ती मुलं असं का वागतात हे न कळणाऱ्या त्यांच्या आईवडिलांनाही.

नवे लेखक हेरायचे तर दिवाळी अंकांसारखी दुसरी सोय नाही. 1909च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली ही प्रथा वाचनालयांत वेगळ्या योजनेने चालते: थोडी जादा वर्गणी भरा आणि पुढचे काही महिने अंक बदलून न्या. पहिल्या पंधरवड्यात गाजलेल्या अंकांवर झुंबड असते, तेव्हा बाकीचे अंक न्यावेत. दीर्घकथा लिहिणाऱ्यांची नावं टिपली तर त्यांतल्या काहींच्या कादंबऱ्या दोन-तीन वर्षांत येतात.

वाचकगट चालवणाऱ्यांसाठी थोडं. वाचनालयात नव्या कादंबरीची प्रत एकच असते. दहा जणांचा गट असेल आणि प्रत्येकाला चार दिवस दिले, तर चाळीस दिवस गेले. म्हणजे चर्चा दीड महिन्यावर ठेवा आणि पातळ पुस्तक निवडा. घोटाळा असा होतो, की पहिल्या वाचकाला चर्चेपर्यंत निम्मं आठवत नाही. त्याने वाचून झाल्या दिवशीच तीन ओळी लिहून पाकिटात घालाव्यात आणि पाकीट पुस्तकाबरोबर पुढे जावं. बंद पाकीट, नाहीतर शेवटचा वाचक आयतं मत घेऊन बसतो. समासात पेन्सिलीने शेरे मारू नयेत, लेखकाचं शुद्धलेखन तपासण्यासाठी तर मुळीच नाही.

आपल्या गावात काहीच मिळत नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाची वर्गणी भरून चौघांत मिळून फेरी ठरवता येते. रत्नागिरी, नाशिक, पुणे, ठाणे, कोल्हापूर इथली नगर वाचनालयं शतकाहून जुनी आहेत, आणि बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848चं. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांची पेटी सोसायटीत, कारखान्यात, अगदी परदेशातल्या मराठी मंडळांतही येते. पाचगणीजवळच्या भिलारला 2017पासून घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, पण तिथे बसून वाचायचं असतं. गोव्यातल्यांनी पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात चक्कर मारावी. मराठी विभाग चाळायला एक सकाळ हाताशी ठेवा.

शेवटी, नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न: नेलेलं पुस्तक हरवलं तर? पैसे भरण्याआधी तीच आवृत्ती बाजारात मिळते का ते बघा आणि प्रतच आणून द्या. नव्या कादंबऱ्या दोन-तीन वर्षांत दुकानांतून दिसेनाशा होतात, आणि छापील किंमत भरून वाचनालयाला ती परत मिळत नाही. प्रत मिळालीच नाही तर ग्रंथपालांना विचारून त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक द्या. बहुतेक ठिकाणी ते चालतं.