फोन उशाशी नको, अंगावर हवा

मंडळी, माझी आत्या गावापासून दूर, शेतातल्या घरात एकटी राहायची. तिला आम्ही बटणांचा साधा फोन घेऊन दिला. तिनं तो डब्यासकट कपाटात ठेवला. "अडीनडीला असू दे," म्हणाली. एका संध्याकाळी मागच्या पायरीवरून पाय घसरला आणि खुब्याला जबर मार बसला. सरपटत ती कपाटापर्यंत गेली, डबा खाली ओढला, तर फोन सुरूच होईना. सकाळी वाटेनं जाणाऱ्या कुणाला तरी तिची हाक ऐकू गेली, म्हणून ती वाचली.

त्यात तिचा काही दोष नव्हता. बटणं कुठली दाबायची हे आम्ही शिकवलं होतं, पण फोन जिवंत ठेवावा लागतो हे आम्हीच सांगितलं नव्हतं. लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरत जाते. फारच उतरली की आतलं संरक्षक सर्किट तिला फोनपासून तोडतं, मग चार्जर लावला तरी फोन लगेच जागा होईलच असं नाही. सिमचंही तसंच. बराच काळ वापर नसला की कंपनी तो क्रमांक बंद करते. ही मुदत जागोजागी वेगळी असते, म्हणून आपल्या कंपनीला विचारून ती कागदावर लिहून ठेवा.

तेव्हा माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: संकटासाठी घेतलेला फोन रोज वापरा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाला एक फोन. "उठले, बरी आहे," एवढं बोललात तरी पुरे. तेवढ्यात बॅटरी, सिम, शिल्लक, रेंज, सगळं तपासून होतं. आणि मोठा फायदा असा की एखाद्या दिवशी तुम्हाला फोनपर्यंत पोचताच आलं नाही, तर न आलेला फोनच तुमचा निरोप पोचवतो. त्यासाठी पलीकडच्या माणसाशी आधी नीट बोलून ठेवायला हवं. पंधरा मिनिटांत फोन आला नाही तर त्यानं करायचा. उचलला नाही तर जवळ राहणाऱ्या कुणाला घरी पाठवायचं. "झोपली असेल, थोडं थांबू" असं म्हणायचं नाही. या थांबण्यात तास जातात.

आणि ते तास फार महागात पडतात. पडलेला माणूस तासाभराहून जास्त जमिनीवर राहिला, तर मूळ दुखापतीपेक्षा हे पडून राहणंच जास्त घातक ठरू शकतं. अंगाखाली दबलेले स्नायू खराब होऊ लागतात, त्यांतून रक्तात उतरणारी द्रव्यं मूत्रपिंडांना इजा करतात, अंग गार पडतं, पाणी कमी पडतं. म्हणून फोन उशाशी नको, टेबलावर नको, अंगावर हवा. खिशात ठेवा, नाहीतर गळ्यात. गळ्यातली दोरी मात्र ओढ बसली की सुटणारी घ्या. न्हाणीघरातही तो हाताशी हवा, आणि तोही खाली. उंच फळीवर ठेवलात तर पडलेल्या माणसाचा हात तिथवर जात नाही.

आता रेंज. अंगणातल्या कुठल्या कोपऱ्यात फोन लागतो हे आपल्याला पाठ असतं. पण पाय मोडला तर त्या कोपऱ्यापर्यंत कोण जाणार? एकदा प्रत्येक खोलीत जमिनीवर आडवं होऊन फोन लावून बघा. पत्र्याचं छप्पर आणि जाड ओल्या भिंती लहरी अडवतात. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावावा लागतो आणि बॅटरी लवकर संपते, म्हणून डब्यावर लिहिलेल्या दिवसांवर विसंबू नका. बोलणं होत नसलं तरी एसएमएस कधीकधी पोचतो, कारण त्याला अगदी थोडा वेळ रेंज मिळाली तरी चालते. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतली 160 अक्षरं मावतात, देवनागरीची फक्त 70 चिन्हं, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. तेव्हा मदतीचा छोटा मजकूर आधीच लिहून ठेवा.

पडद्यावर "फक्त आणीबाणी कॉल" असं दिसलं तर आशा सोडू नका. तुमच्या कंपनीचा टॉवर सापडत नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी सापडतोय, असा त्याचा अर्थ. 112 हा आणीबाणीचा क्रमांक जीएसएम या मोबाइल पद्धतीच्या मानकातच आहे आणि तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो. सिम नसताना तो लागतो की नाही हे देशागणिक बदलतं. लागला तरी 112 वरच्या माणसांना तुम्हाला उलट फोन करता येत नाही. म्हणून सिम चालू ठेवाच.

फोन घेताना एक चूक टाळा. मोबाइलची जुनी जाळी, म्हणजे नेटवर्कच्या जुन्या पिढ्या, बंद होत चालली आहेत: जपाननं 2012 मध्ये टूजी (दुसरी पिढी) बंद केलं, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी, ऑस्ट्रेलियानं 2024 मध्ये. घरातला जुना फोन उजळतो, पण बोलायला जाळंच उरलेलं नसतं. फोरजीवरून आवाजी कॉल करणारा, म्हणजे व्होल्टे असलेलाच फोन घ्या.

साधा फोन तुमचा नेमका ठिकाणा सहसा कळवत नाही. टॉवरवरून अंदाज येतो, पण मोकळ्या मुलखात तो कित्येक किलोमीटरनी चुकू शकतो. घरात दोन-तीन ठिकाणी, जमिनीवरून वाचता येईल असा कागद चिकटवा: रस्ता, वळण, खूण, फाटक, आणि अक्षांश-रेखांश. दशांशानंतर चार आकडे लिहिले की जागा साधारण 11 मीटरच्या आत येते. फोन लागताच आधी हे वाचा, दुखणं मागून सांगा. मध्येच कॉल तुटला तरी निघायचं कुठे हे त्यांना कळलेलं असेल. वादळात वीज गेली असेल तर उजाडायची वाट बघू नका. टॉवर बॅटरीवर काही तासच तग धरतो.

मघाशी एका बाईंनी विचारलं, "रोज फोन करावा असं माझं कुणीच नाही, मग?" त्यांना मी म्हणाले, एकटं राहणारं दुसरं कुणी शोधा. नातं लागत नाही, जवळ राहावं लागत नाही. सकाळी तुम्ही त्यांना करा, संध्याकाळी ते तुम्हाला करतील. बाईंच्या मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी लगेच हात वर केला.